पितृपक्षातला रोलर कोस्टर

वॉटर पार्क, थीम पार्क अशा ठिकाणी कधी जावं हे मला कोणीही विचारावं. कंपनीतले लोक विचारतातही. मी हिंगण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात प्लॅनिंगला आहे. कोणतं काम कोणत्या मशीनवर कधी लावलं की खोळंबा होणार नाही, हे ठरवण्याचा मला पगार मिळतो. त्यात आमची साप्ताहिक सुट्टी बुधवारची. बावीस वर्षं सगळं जग कामावर असताना मी सुट्टीवर असतो. सिनेमा, बँक, कटिंगचं दुकान, टेकडीच्या गणपतीचं दर्शन, सगळं मी बुधवारी, लाइन नसताना उरकत आलो. रविवारी बायकापोरांसह लाइनीत उभी असलेली माणसं पाहिली की मला त्यांची कीव यायची. आता येत नाही. का येत नाही, ते सांगायलाच हे लिहायला बसलो आहे.

माझी मुलगी केतकी पाचवीत होती तेव्हा तिच्या शाळेची ट्रिप सावनेर रोडवरच्या मोठ्या पार्कला निघाली होती. जानेवारी महिना, म्हणजे नागपुरातली प्रत्येक शाळा त्याच आठवड्यात तिथे. मी संमतीपत्रावर सही केली नाही. मी तिला समोर बसवून नीट समजावलं की दिवसभरात तुला फार तर दोन राइड मिळतील, बाकीचा वेळ लाइनीत जाईल, त्यापेक्षा मी तुला एखाद्या बुधवारी नेतो, एकही लाइन लागणार नाही. ती रडली नाही. कोरं संमतीपत्र तिनं परत नेलं आणि ट्रिपच्या दिवशी न गेलेल्या पाच-सहा मुलांबरोबर वर्गात बसून चित्रं काढली. मैत्रिणी परत आल्या त्या महिनाभर रोलर कोस्टरबद्दलच बोलत होत्या, आणि ती माझ्याजवळ येऊन विचारायची, बाबा, तो बुधवार कधी?

तो बुधवार आठ वर्षं आला नाही. माझ्या सुट्टीच्या दिवशी तिची शाळा, आणि शाळा बुडवणं मला पटत नाही. उन्हाळ्यात गर्दी आणि वर ऊन. दिवाळीत गर्दी. नाताळात तर विचारूच नका. दहावीनंतर तिनं विचारणं बंद केलं. यंदा बारावी झाली, आणि प्रवेशाच्या शेवटच्या फेरीत तिला पुण्याच्या कॉलेजात इंजिनीअरिंगची सीट लागली. रविवारी संध्याकाळची गाडी. त्याआधी आठ वर्षांपूर्वी दिलेला शब्द पाळायचा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. खरं सांगायचं तर आणखी एक होतं. ती त्या रोलर कोस्टरवरून खाली येताना एकदा जोरात ओरडली, की सही न केल्याची बोच जाईल, असं मला वाटत होतं.

भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर पेन घेऊन उभा राहिलो आणि मला कोण आनंद झाला. तो पितृपक्षाचा पंधरवडा होता. पितरांच्या दिवसांत लोक नवे कपडे घेत नाहीत, गाडी घेत नाहीत, लग्नाची बोलणी करत नाहीत, आणि करमणुकीला तर जातच नाहीत. म्हणजे पार्क ओस. त्यात मंगळवार, बुधवार, गुरुवार असे मधले वार धरले तर विचारायलाच नको. मी तिन्ही चौकोनांवर ठळक गोल काढले आणि तीन दिवसांत तीन पार्क असा कार्यक्रम आखला. सुनंदा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, पितरांच्या दिवसांत कोणी मजा करायला जातं का? मी म्हटलं, म्हणूनच तर.

केतकीनं फोनमधून डोकं वर काढून विचारलं, प्राची आणि सायलीला घेऊ या का? त्या तिच्या बालवाडीपासूनच्या मैत्रिणी. मी म्हटलं, त्यांचं कॉलेज असेल, आणि गाडीत पाच जण दाटीवाटीनं बसण्यात काय मजा आहे. बरं, म्हणाली. त्याच दिवशी सावनेरहून माझ्या मोठ्या भावाचा, दादाचा, फोन येऊन गेला होता. मी ऑनलाइन तिकिटं काढत होतो. बुधवारी मोकळा झालो की निवांत करू, म्हणून तो मिस्ड कॉल तसाच ठेवला.

मंगळवार, हिंगणा रोड

पहिला पार्क आमच्या एमआयडीसीच्या पुढचाच. वाटेत कंपनीच्या बसमधून माझ्याच खात्यातली पोरं जाताना दिसली आणि मी त्यांना हात केला. साडेदहाला पोचलो तेव्हा पार्किंगमध्ये आमची एकच गाडी आणि तिच्या सावलीत बसायला आलेलं एक कुत्रं. तिकीट खिडकीतल्या बाईंना हाक मारून उठवावं लागलं.

आत रामेश्वर नावाचा एक माणूस किल्ल्यांचा जुडगा घेऊन आमच्यासोबत निघाला. एवढ्या कमी माणसांसाठी सगळं चालू ठेवणं परवडत नाही, म्हणून जिथे आम्ही जाऊ तिथला पंप तो चालू करायचा आणि आम्ही निघालो की बंद. घसरगुंडीच्या वरून केतकी खाली बघायची, रामेश्वर खालून झाडामागच्या कोणाला तरी 'पानी छोड' म्हणून सांगायचा, मग आधी गढूळ आणि मग स्वच्छ पाणी यायचं, आणि मग ती यायची. आली की उठायची, केस मागे सारायची आणि विचारायची, आता कुठली? लाटांच्या तलावात लाटा नव्हत्या. पन्नास माणसं असल्याशिवाय लाटा सोडत नाहीत म्हणे. आम्ही तिघं त्या निपचित पाण्यात गुडघाभर उभे राहिलो. सुनंदा म्हणाली, अंबाझरीच्या तलावावर बरं असतं, तिथे निदान माणसं तरी दिसतात.

मी मात्र खुशीत होतो. खिशातल्या कागदावर एकेका राइडपुढे खूण करत होतो. बाराच्या आत अकरा झाल्या. इतर कोणाला रविवारी दिवसभरात चारही मिळत नाहीत, असं मी केतकीला दोनदा सांगितलं. ती हसून हो म्हणाली. एक वाजता पार्कात करण्यासारखं काही उरलं नाही. तिनं मैत्रिणींना पाठवायला फोटो काढले आणि ते सगळे सारखेच दिसतात म्हणून बहुतेक पुसून टाकले.

कॅन्टीनमध्ये शेगडी थंड होती. तिथल्या मावशीनं आमच्यासाठी ती पेटवली आणि गरम भजे काढले. मिरची सढळ हातानं, वर कच्चा कांदा, आणि भजे असे कुरकुरीत की मी दुसरी प्लेट मागवली. मावशी कामठीची, रोज दोन ऑटो बदलून यायची. भजे काढता काढता तिनं विचारलं, "पित्तरात इकडं कोणी नाई येत जी. तुमच्याकडे पित्तर नसते का?"

असते ना, मी म्हटलं, पण आमच्याकडे ते सगळं माझा भाऊ करतो, सावनेरला. हे मी तोंडानं बोललो, भज्याचा घास घेत बोललो, आणि तरी माझ्या डोक्यात काही उजेड पडला नाही. सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं, माझ्या सगळं लक्षात आहे.

बुधवार, सावनेर रोड

बुधवारी सकाळी सुनंदा साडी नेसून तयार झाली. काठापदराची, घडीची. हातात एक पिशवी, तिच्यात नारळ आणि काय काय. मी तिची भरपूर थट्टा केली. रोलर कोस्टरवर पदर कुठे खोचणार, नारळ कोणत्या राइडपुढे फोडणार, असं चाललं होतं. ती चपला घालून गाडीत जाऊन बसली. काही दिवस बायका नवऱ्याचं मनावर घेत नाहीत, त्यातला तो दिवस असेल असं मी समजलो.

रस्ता मात्र सुरेख होता. कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्या मागे पडल्या की दोन्ही बाजूंना कपाशी लागते. सोयाबीन पिवळं पडायला आलं होतं आणि कोळशाच्या ट्रकांची काळी पूड रस्त्याच्या कडेच्या गवतावर बसली होती. हा रस्ता मला पाठ आहे, कारण आमचं घर सावनेरचं. पार्क सावनेरच्या अलीकडे वीस मिनिटांवर. शाळेची ट्रिप इथेच आली होती. फाटकातून आत शिरताच समोर उंच लाल लोखंडी रूळ दिसले. केतकीनं खिडकीची काच खाली केली आणि बराच वेळ वर बघत राहिली. इथवर सगळं माझ्या कागदाप्रमाणे झालं.

आम्ही थेट रोलर कोस्टरपाशी गेलो. लोकांना वळणावळणानं उभं करायला लावलेल्या लोखंडी कठड्यांमधून, एकही माणूस नसताना, उगाच डावीकडे उजवीकडे करत पुढे पोचलो. ऑपरेटर खुर्चीवर बसून पेपर वाचत होता. पन्नाशीचा माणूस, गळ्यात शिट्टी. त्यानं आम्हाला मोजलं आणि पेपर घडी करून ठेवला.

किमान आठ जण लागतात, म्हणाला. मी म्हटलं, ठीक आहे, आठांचे पैसे घ्या.

"पैशाचा सवाल नाही साहेब, वजनाचा आहे. आठ माणसं नसली तं गाडी वरच्या वळणावर चढतच नाही. मंधातच अटकते. मंग शिडी घेऊन मलेच वर चढा लागते."

मी प्लॅनिंगचा माणूस, अडचण आली की मला चेव येतो. मी त्याला विचारलं, सकाळी चाचणी कशी घेता? वाळूची पोती ठेवून, म्हणाला. मग ठेवा की पाच पोती, मी म्हटलं, आणि आम्हा तिघांना बसवा. तो माझ्याकडे असा पाहू लागला की मी पोत्यांचा विषय सोडला. बसा, म्हणाला, कोणी आलं तर चालवू.

आम्ही बाकावर बसलो. माणसं येण्याची वाट बघत मी आयुष्यात प्रथमच बसलो असेन. अकराच्या सुमाराला फाटकातून कॉलेजातलं एक जोडपं आलं. मुलीच्या तोंडाला ओढणी, मुलाच्या पाठीला सॅक. मी लगबगीनं पुढे गेलो आणि रोलर कोस्टरला चला म्हणून आग्रह केला. बापाच्या वयाचा माणूस हसत हसत अंगावर येतोय म्हटल्यावर ते दोघं घाबरले आणि शौचालयाच्या मागे कुठेतरी गेले ते परत दिसलेच नाहीत. केतकी खूप हसली. ते हसणं ऐकून मला बरं वाटलं, आणि काहीही करून आठ माणसं जमवायचीच असं मी ठरवलं.

सावनेर वीस मिनिटांवर. दादाच्या घरात माणसांना काय तोटा. दादा, वहिनी, आई, त्यांची तीन मुलं, काकांकडचे नऊ जण शेजारीच. दिवाळीत हे सगळे पंधरा-सोळा जण जीप करून कुठे कुठे जायचे, आणि दरवर्षी मला विचारायचे. मी दरवर्षी काही ना काही कारण सांगायचो. बारा वाजून गेले होते. मी दादाला फोन लावला आणि म्हटलं, दादा, आम्ही इथे पार्कात आहोत, पाच-सहा पोरांना पाठव ना, केतकीला रोलर कोस्टरवर बसायचंय आणि माणसं कमी पडताहेत.

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता.

"प्रमोद," दादा म्हणाला, "आज सप्तमी आहे गा. बाबाचं पित्तर आहे. सारे उपाशी बसून तुयी वाट पाहून राहिले."

मला आधी काही कळलं नाही. मग कॅलेंडर डोळ्यांसमोर आलं. त्या चौकोनात तारखेखाली बारीक अक्षरात सप्तमी श्राद्ध असं छापलेलं असतं, आणि मी त्याच्यावरूनच ठळक गोल फिरवला होता. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. दोन वर्षं आदल्या आठवड्यात दादाचा फोन आला आणि आम्ही गेलो. यंदाही फोन आला होता. मी सुनंदाकडे पाहिलं. तिच्या मांडीवर ती पिशवी होती.

"रस्ता सावनेरचाच होता," ती म्हणाली. "मला वाटलं, दुपारी तिकडेच जायचं आहे."

आमचं बोलणं ऐकून ऑपरेटर उठून आला आणि म्हणाला, थांबा पाहिजे तर, तीनपर्यंत कोणी येईलही. माझं तोंड उघडण्याआधी केतकीनंच त्याला सांगितलं, नको काका, आजोबांचं श्राद्ध आहे. आणि ती त्या कठड्यांतून डावीकडे उजवीकडे न करता, सरळ त्यांच्याखालून वाकून बाहेर पडली.

सावनेर

दादाच्या घरी ओसरीवर सगळे खरोखरच बसून होते. लहान मुलं सुद्धा. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि पाय धुऊन ये एवढंच म्हणाली. बाबांच्या फोटोपुढे पान वाढलेलं होतं. उडदाचे वडे, कढी, गव्हाची खीर, कोहळ्याची भाजी, गवार, भजे, वरण-पोळी. बाबांना आवडायचं म्हणून आंब्याचं लोणचंही. मी गोवरीच्या निखाऱ्यावर तूप सोडलं, हात जोडले. धूर डोळ्यांत गेला, त्यामुळे निदान डोळे पुसायची सोय झाली.

मग पंगत बसली. वहिनी वाढायला, आणि एवढ्याशा खोलीत बाकीची सतरा माणसं, मांडीला मांडी लावून. केतकी तिच्या चुलत बहिणींमध्ये कोंबून बसली होती, एकीचा हात हिच्या ताटात आणि हिचा कोपर तिसरीच्या पाठीत. तिथे ती दोन दिवसांची गोष्ट सांगू लागली. रामेश्वर पाणी कसा सोडायचा, तिन्ही माणसं लाटांची वाट बघत कशी उभी होती, मी वाळूची पोती कशी मागितली, ते जोडपं कसं पळालं. माझा आवाज तर तिनं असा काढला की दादाच्या नाकात कढी गेली. अकरा राइड केल्या त्या दिवशी ती एवढी बोलली नव्हती. आई हसून हसून डोळ्याला पदर लावत होती. मीही हसलो. आत कुठेतरी मला फार वाईट वाटत होतं, पण पंगतीत ते दाखवायची पद्धत नाही.

खीर वाढता वाढता वहिनी म्हणाली, "मंग रविवारी सकाळी सारेच जाऊ ना वं केतकी. जीप करू. तुयी गाडी तं संध्याकाळची आहे. आम्ही पंधरा, तुम्ही तीन. कसा नाही चालवत तो पाहू."

पोरांनी एकच गलका केला. केतकीनं माझ्याकडे पाहिलं. पाचवीत असताना संमतीपत्र घेऊन आली होती तेव्हा ती अशीच बघत होती, हे मला आत्ता लिहिताना कळतंय. तेव्हा कळलं नाही. माझ्या तोंडून, मी काही विचार करायच्या आत, निघून गेलं.

"रविवारी? रविवारी दोन-दोन तास लाइन असते."

गलका थांबला. केतकीनं मान खाली घालून वड्याचा तुकडा मोडला. हो, पॅकिंगही राहिलंय माझं, असं ती म्हणाली, आणि ते तिनं मला सांभाळून घ्यायला म्हटलं हे तिथल्या लहान पोरालाही कळलं असेल. वहिनीनं खिरीचं पातेलं पुढच्या ताटाकडे नेलं. मी लगेच म्हणायला हवं होतं, अरे, असू दे लाइन, जाऊ या. एवढे पाच-सहा शब्द. मी पाण्याचा पेला उचलला आणि पाणी प्यायलो.

जेवणं झाल्यावर दादा आणि मी मागच्या अंगणात हात धुवायला गेलो. दादा माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. आवाज चढवून बोलताना मी त्याला पाहिलेलं नाही. तेव्हाही तो हातावर पाणी घेत, नळाकडे बघतच बोलला.

"बाबाले पाहाले बी तू बुधवारीच येत होता. रविवारी घरात लय माणसं राहते म्हणत होता."

खरंच होतं. शेवटचे चार महिने बाबा अंथरुणाला होते, आणि रविवारी बघायला येणाऱ्यांची रीघ असायची. मी बुधवारी यायचो, निवांत. मला वाटायचं, माझ्याच वाट्याला बाबा खरे येतात.

"शेवटी शेवटी त्याईले वार समजत नव्हते. रोज सकाळी इचारे, आज बुधवार आहे का. त्या मंगळवारी बी इचारलं. मी म्हटलं, उद्या."

बाबा मंगळवारी दुपारी गेले. हे मला माहीत होतं. त्यांनी सकाळी विचारलं होतं, हे तीन वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं. दादानं खांद्यावरचा पंचा माझ्या हातात दिला आणि तो आत गेला. मी ओल्या हातांनी बराच वेळ तिथे उभा राहिलो. पंचा हातात होता, पण हात पुसायचं सुचलं नाही.

गुरुवार

तिसरा पार्क कामठी रोडचा. तिथे आम्ही गेलो नाही, त्यामुळे त्याबद्दल मला काही लिहिता येणार नाही. केतकी म्हणाली, मला बॅगा भरायच्यात. मी उरलेली रजा रद्द करून कंपनीत गेलो. साहेबांनी विचारलं, कसा झाला प्रोग्रॅम? एकही लाइन लागली नाही, असं मी सांगितलं, आणि त्यांनी शाबासकी दिली.

गुरुवारी, शुक्रवारी आणि शनिवारी अशा तिन्ही दिवशी मी दादाला फोन लावायला घेतला. रविवारी जाऊ या म्हणायचं, बस्स. गुरुवारी वाटलं, जेवणाच्या वेळी कशाला. शुक्रवारी वाटलं, ते आता शेतावर असतील. शनिवारी वाटलं, आता फारच उशीर झाला, एवढ्या माणसांची जीप ऐनवेळी कुठून मिळणार. योग्य वेळ शोधत मी तिन्ही दिवस घालवले. माझ्यासारखा माणूस दुसरं काय करणार.

ज्यांना माहिती हवी आहे त्यांच्यासाठी लिहून ठेवतो. पितृपक्षातल्या मधल्या वारी नागपूरच्या आसपासचे पार्क अगदी रिकामे असतात. सकाळी फाटक उघडताच जावं. घसरगुंड्या लगेच मिळतात, भजे ताजे मिळतात. लाटा आणि रोलर कोस्टर मिळत नाहीत. आठ माणसं सोबत असतील तर मिळतात, पण मग कोणत्याही दिवशी जायला हरकत नाही.

रविवार, नागपूर स्टेशन

रविवारी दुपारी कोणाला न सांगता सावनेरची जीप आली. दादा, वहिनी, आई, सगळी भावंडं, काकांकडचे नऊ जण. शिवाय प्राची आणि सायली स्टेशनवर आधीच येऊन थांबल्या होत्या. प्लॅटफॉर्मवर आमचंच एक मोठं कडं झालं. पुऱ्यांचा डबा, चिवड्याची पिशवी, आईनं दिलेला अंगारा, सगळं केतकीच्या हातात एकदम येत होतं. हमाल आम्हाला वळसा घालून जात होते.

गाडी लागली. मी सवयीप्रमाणे सगळ्यांच्या आधी डब्यात शिरलो. दाराशी रेटारेटी व्हायच्या आत सामान लावून टाकावं, हा माझा नेहमीचा नियम. दोन्ही बॅगा बर्थखाली सरकवल्या, साखळीनं बांधल्या, कुलूप ओढून पाहिलं, खिडकीशी चादर आणि उशी नीट ठेवली, पाण्याची बाटली जाळीत अडकवली. चार्जिंगचं बटण चालतं का तेही पाहिलं. मग वर पाहिलं तर बंद काचेबाहेर केतकी एकेकाच्या पाया पडत होती. आईच्या, मग दादाच्या, वहिनीच्या, काका-काकूंच्या, सुनंदाच्या. आईनं तिला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं आणि ती सोडत नव्हती. सुनंदा तर रडायलाच लागली होती. काचेतून आवाज येत नव्हता. मी आत त्या तयार बर्थपाशी एकटा उभा राहून बघत होतो, आणि सगळं इतकं छान चाललंय, आपण घाई करू नये, असं मला वाटलं.

गाडीनं शिट्टी दिली तसा मी दाराकडे निघालो. वाटेत माणसं, ट्रंका, कोणाचं तरी पोतं. जवळच्या दारानं केतकी वर चढत होती आणि तिथून उतरणं शक्य नव्हतं, म्हणून मी डब्याच्या दुसऱ्या टोकाच्या दाराकडे वळलो. खाली उतरलो तेव्हा गाडी हलली होती. मी धावत तिच्या दारापर्यंत आलो. ती दांड्याला धरून बाहेर वाकून माणसांमध्ये मला शोधत होती. मी दिसलो.

"बाबा, तुमचं राहिलं," ती म्हणाली.

तिनं चालत्या गाडीतूनच नमस्काराला वाकायला पाहिलं आणि आतल्या कोणीतरी तिला खांद्याला धरून मागे घेतलं. मी म्हटलं, असू दे, आत जा. मला वेगळंच काहीतरी म्हणायचं होतं, पण तोवर तिचा डबा पुढे निघून गेला होता.